पीएचपीतला पहिला ‘पी’ कुठून आला?

प्रश्न : बारावीला माझा आयटी विषय आहे आणि त्यात पीएचपी आहे. वर्गात पूर्ण रूप ‘हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर’ असं लिहून दिलं. त्यात ‘एच’ आणि ‘पी’ सापडतात, पहिला ‘पी’ कुठेच नाही. इंजिनिअरिंगला असलेला माझा मामेभाऊ म्हणतो की खरं रूप ‘पर्सनल होम पेज’ आहे. परीक्षेत काय लिहू? आणि स्वतःपुरतं एक पान बनवायची ही भाषा असेल तर बोर्डाच्या अभ्यासक्रमात ती कशी आली?
— बारावीची एक विद्यार्थिनी, लातूर

प्रश्न : मी नव्वदच्या दशकात नांदेडला क्लास लावून फॉक्सप्रो शिकलो. मोंढ्यातल्या अडत दुकानांना पट्ट्या, हमाली-तोलाई, उचल यांचे हिशेब बसवून दिले. पुढे ते सगळं मोडीत निघालं. आता मुलगा तंत्रनिकेतनात संगणक शाखेला आहे. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, पीएचपी अशी यादीच त्याच्यापुढे आहे. कोणती भाषा मुळात कशासाठी जन्माला आली ते बघून एकीवरच भर द्यावा असं मला वाटतं. कोणत्या?
— एक पालक, नांदेड

उत्तर : दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली आणि दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो. आधी लातूरच्या मुलीला, कारण तिची परीक्षा जवळ आहे.

परीक्षेत ‘पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर’ असं लिही. सुरुवातीचं ‘पीएचपी’ गाळू नकोस. तुझा हरवलेला पी तिथेच आहे. या पूर्ण रूपातला पहिला शब्द म्हणजे ते लघुरूपच. संगणकाच्या जगात अशी नावं ठेवायची जुनी रीत आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाचं नावही याच पद्धतीचं, ‘ग्नूज नॉट युनिक्स’. तुझा मामेभाऊसुद्धा चुकलेला नाही. दोन्ही रूपं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या वर्षांची आहेत.

पीएचपी सुरू करणारे रासमुस लेरडॉर्फ यांचा जन्म ग्रीनलंडचा, शिक्षण कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातलं. १९९४ मध्ये त्यांनी आपला बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता आणि तो कोण कोण बघून जातं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि त्यांना ‘पर्सनल होम पेज टूल्स’ असं नाव दिलं. नवी भाषा घडवण्याचा त्यांचा बेत नव्हता, हे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे. जून १९९५ मध्ये त्यांनी हे प्रोग्राम सगळ्यांसाठी खुले केले. लोक वापरू लागले आणि मागण्या येऊ लागल्या. कुणाला फॉर्ममध्ये भरलेली माहिती साठवायची होती, कुणाला डेटाबेस जोडायचा होता. एकेक सोय वाढत गेली.

खरा पालट झाला तो १९९७ मध्ये. इस्रायलमधल्या हैफा शहरात टेक्नियन नावाचं मोठं तंत्रविद्यापीठ आहे. तिथले झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स हे विद्यार्थी इंटरनेटवरच्या खरेदी-विक्रीचा एक प्रकल्प करत होते. लेरडॉर्फ यांची साधनं त्या कामाला कमी पडली, तेव्हा त्या दोघांनी गाभाच नव्याने लिहून काढला. लेरडॉर्फ यांनी तो आनंदाने स्वीकारला आणि जून १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. त्या वेळी ‘पर्सनल होम पेज’ हे रूप सोडून दिलं. एका माणसाच्या पानापुरतं ते काम आता राहिलं नव्हतं. तीन अक्षरं मात्र लोकांच्या तोंडी बसली होती, ती तशीच ठेवली आणि त्यांना नवा अर्थ जोडला.

तुझ्या गावात याचं ठसठशीत उदाहरण आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राजर्षी शाहू महाविद्यालयातून गाजलं ते बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी. बारावीच्या मेरिट लिस्टमध्ये मराठवाड्यातली मुलं झळकावीत म्हणून जादा तास, सराव परीक्षा, पेपर तपासून चुका दाखवणं अशी ती मेहनत होती. पुढे बोर्डाने यादीच बंद केली. मूळ कारण संपलं, पण नाव उरलं आणि वाढलं. आज नांदेड, धाराशिव, बीड, परभणीकडची मुलं लातुरात खोली घेऊन राहतात ती नीटसाठी. त्यांतल्या बहुतेकांनी मेरिट लिस्ट हा शब्द फक्त आई-वडिलांकडून ऐकलेला असतो. तरी ती ‘लातूर पॅटर्न’मध्येच शिकायला येतात. पीएचपीचं हेच झालं. नाव पहिल्या कामाचं राहिलं आणि काम नंतर आलेल्या माणसांचं झालं.

आणि काम किती वाढलं बघ. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट आज त्यावर चालतात. २००४ मध्ये फेसबुक सुरू झालं तेही पीएचपीत. पुष्कळ महाविद्यालयं गृहपाठ आणि चाचण्यांसाठी मूडल वापरतात, ते पीएचपी. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो ज्या मीडियाविकीवर चालतो तेही पीएचपीच. तू विकिपीडियावर लातूरचं पान उघडतेस तेव्हा ते पान तुझ्यापुढे मांडण्याचं काम ही बायोडेटा बघणारे मोजायला निघालेली भाषा करत असते. बोर्डाच्या अभ्यासक्रमात ती का आली याचं उत्तर इथे आहे.

जुन्या कामाच्या खुणा मात्र सहजी जात नाहीत आणि त्या तुला प्रॅक्टिकलला भेटतील. पीएचपीत अक्षरं मोजायचं ‘स्ट्रलेन’ नावाचं फंक्शन आहे. त्याला ‘लातूर’ हा शब्द दे. उत्तर १५ येईल. आपण मोजतो ला, तू, र अशी ३ अक्षरं. युनिकोडमध्ये ल, काना, त, ऊकार, र अशी ५ चिन्हं होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून १५. स्ट्रलेन अक्षरं मोजतच नाही, ते बाइट मोजतं. इंग्रजी मजकुराचं एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे सुरुवातीच्या कामात कुणाचं काही अडलं नव्हतं. देवनागरीसाठी ‘एमबी स्ट्रलेन’ वापरावं लागतं, ते ५ सांगतं. आपल्यासारखी ३ मोजायची तर ‘ग्राफीम स्ट्रलेन’. हे खोलातून दुरुस्त करण्यासाठी सहावी आवृत्ती हाती घेतली होती. मजकूर आतून संपूर्ण युनिकोडमध्ये ठेवायचा असा तो बेत होता. काम फार जड झालं, वेग पडला आणि २०१० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. म्हणून पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीनंतर थेट सातवी आली, डिसेंबर २०१५ मध्ये. जगातल्या कोट्यवधी पानांखालची भाषा मराठी शब्दाची लांबी एका झटक्यात सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. मराठीत वेबसाइट करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकायला हवी.

दुसरी खूण फंक्शनांच्या नावांत आहे. काही नावं तोकडी, काही ‘एचटीएमएल स्पेशल कॅर्स’सारखी लांबलचक, कुठे मध्ये अधोरेषा, कुठे नाही. पाठ करताना वैताग येतो. लेरडॉर्फ यांनीच याचं एक कारण सांगितलं आहे. सुरुवातीला भाषेत शंभराहूनही कमी फंक्शनं होती आणि हवं ते पटकन शोधण्यासाठी ती नावाच्या लांबीनुसार कप्प्यांत ठेवलेली असत. सगळ्या नावांची लांबी सारखी झाली तर एकाच कप्प्यात गर्दी होईल, म्हणून काही नावं मुद्दाम लांब ठेवली. तो हिशेब केव्हाच गेला. नावं राहिली, कारण ती बदलली तर जगभरातले चालू प्रोग्राम बंद पडतील.

आता नांदेडच्या पालकांकडे वळतो.

तुम्ही जी फॉक्सप्रो शिकलात तिचं मूळ आधी सांगतो. अमेरिकेत पासाडेना इथे नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. तिथे काम करणारे वेन रॅटलिफ यांना ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेत जिंकायचं होतं आणि त्यासाठी संघांची आकडेवारी नीट लावून हवी होती. १९७८ च्या सुमारास त्यांनी त्यासाठी ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे ॲश्टन-टेट कंपनीने ‘डीबेस टू’ म्हणून विकला. डीबेसच्या धर्तीवर फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीने आधी फॉक्सबेस आणि १९८९ मध्ये फॉक्सप्रो काढली. म्हणजे एका पैजेसाठी सुरू झालेलं काम दहा-पंधरा वर्षांत नांदेडच्या मोंढ्यात अडतीची पट्टी काढू लागलं. तुमची फॉक्सप्रो आपल्या जन्माच्या कारणापासून पीएचपीइतकीच दूर आली होती. तरी ती गेली. त्यामुळे मूळ हेतू बघून भाषा निवडायची हा तुमचा निकष मला पटत नाही, आणि तुमचाच अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

फॉक्सप्रो गेली ती मालकीमुळे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली. मायक्रोसॉफ्टकडे ॲक्सेस आणि एसक्यूएल सर्व्हर ही स्वतःची उत्पादनंही होती. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि मार्च २००७ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की दहावी येणार नाही. वापरणाऱ्यांनी विनंत्या केल्या, पण भाषेचा गाभा कंपनीच्या कुलपात होता. हैफाच्या विद्यार्थ्यांनी पीएचपीचं केलं तसं कुणाला फॉक्सप्रोचं करता येणार नव्हतं. जी भाषा परक्या माणसाला उघडता येते, दुरुस्त करता येते, तिला नवी कामं मिळत राहतात. मुलासाठी भाषा निवडताना पहिलं हे बघा.

खुलेपणा एवढ्यानेही भागत नाही, हेही सांगायला हवं. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये मजकुराच्या ढिगातून अहवाल काढण्यासाठी पर्ल भाषा बनवली. ती पूर्ण खुली होती आणि वेबच्या पहिल्या वर्षांत सर्वत्र वापरली जात होती. २००० मध्ये ‘पर्ल सहा’ जाहीर झाली, ती हाती आली डिसेंबर २०१५ मध्ये, आणि तोवर ती इतकी वेगळी झाली होती की २०१९ मध्ये तिला ‘राकू’ असं स्वतंत्र नाव द्यावं लागलं. मधल्या १५ वर्षांत नवी मुलं पायथनकडे आणि पीएचपीकडे गेली.

तुमच्या मुलाच्या यादीत जावाची कहाणी सगळ्यांत बोलकी आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ती सुरू केली घरातल्या उपकरणांसाठी. टीव्हीवरचा डबा आणि हातात धरायचा रिमोटसारखा यंत्रसंच चालवायचा असा विचार होता. त्या धंद्यात गिऱ्हाईक मिळालं नाही. मग १९९५ मध्ये ती ब्राउझरमधल्या हलत्या चित्रांसाठी, ॲपलेटसाठी, गाजली. आज ब्राउझर ॲपलेट चालवतच नाहीत. पहिला हेतू गेला, पहिली प्रसिद्धी गेली, आणि जावा बँकांच्या सर्व्हरवर आणि अँड्रॉइडच्या पोटात पाय रोवून बसली. १९९५ मध्ये ‘टीव्हीच्या डब्याची भाषा’ म्हणून कुणी ती टाळली असती तर त्याचं नुकसान झालं असतं. जावास्क्रिप्टचा जावाशी संबंध जवळजवळ नावापुरताच आहे. ती नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली आणि त्या वेळच्या जावाच्या हवेमुळे तिला ते नाव मिळालं. मुलाखतीत या दोन भाषांची गल्लत करणारी मुलं आजही भेटतात, म्हणून हे वेगळं सांगितलं.

सी प्लस प्लसमध्ये ‘क्लास’ शिकवतात तो आला नॉर्वेतून. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर यांनी ओस्लोत सिम्युलेशनसाठी, म्हणजे प्रत्यक्षातल्या व्यवहाराची संगणकावर नक्कल करण्यासाठी, सिम्युला भाषा घडवली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास होता. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ पासून तो सीला जोडला. सिम्युला आज कुणी शिकत नाही, पण तिची कल्पना जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात आहे.

सी मात्र या सगळ्यांत निराळी. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये ती केली युनिक्ससाठी, आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिलं गेलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं तेच काम ती आजही करते. शिवाय पीएचपीचं इंजिन सीत लिहिलेलं आहे आणि आपण नेहमी वापरतो ते पायथनही सीत. तुमच्या मुलाने सीकडे पहिल्या वर्षाचा एक पेपर म्हणून बघू नये. पॉइंटर आणि मेमरी त्याला तिथे कळली तर बाकीच्या भाषांत तो अडणार नाही.

पायथनवर थोडा थांबतो, कारण ती आता आपल्या शेजारी आली आहे. खिदो फान रॉसम हे ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणितसंस्थेत होते. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी ती लिहायला घेतली. तिथल्या अमीबा नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर देखभालीची किरकोळ कामं सुटसुटीत व्हावीत एवढीच तेव्हाची गरज होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती खुली झाली. पुढे शास्त्रज्ञ आले. त्यांना मोठ्या आकडेवारीची गणितं हवी होती, ती भाषेत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः बनवली; २००६ मधलं नमपाय त्यातूनच आलं. एआयचं काम पायथनमध्ये होऊ लागलं ते या पायावर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आणि त्या उलगडून दाखवणारे धडे पायथनमध्ये दिले. अशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ॲमस्टरडॅममध्ये सुट्टीत सुरू झालेली ती लहानशी भाषा येणारा मुलगा औंढ्याच्या या प्रकल्पातली आकडेवारी वाचू शकेल. मला याचा मनापासून आनंद वाटतो.

तुमचा प्रश्न होता, भर कशावर द्यावा. माझं मत असं : सी पक्की, पायथन नियमित सराव ठेवून, आणि तिसरी जी काम पडेल ती. सध्या ‘पायथन विथ एआय’ अशा पाट्या लावून मोठी फी घेणारे वर्ग जागोजागी निघाले आहेत. पैसे भरण्याआधी तिथे शिकून गेलेल्या मुलांनी स्वतः लिहिलेला एखादा चालू प्रोग्राम दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर परत या.

आणि फॉक्सप्रोतली वर्षं वाया गेली असं मानू नका. टेबल कसं पाडायचं, इंडेक्स कशावर लावायचा, शेतकऱ्याचं खातं आणि त्याची पट्टी एकमेकांना कशी जोडायची हे तुम्ही मोंढ्यात शिकलात. १९९१ च्या फॉक्सप्रोमध्ये एसक्यूएलची ‘सिलेक्ट’ आज्ञाही होती. तीच आज्ञा तुमच्या मुलाला आज डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला लिहावी लागते, भाषा पीएचपी असो की जावा. त्याच्याबरोबर एकदा बसा आणि तुमच्या जुन्या अडत हिशेबाची टेबलं त्याच्याकडून नव्याने करून घ्या. लायगोच्या पहिल्या लहरीच्या नोंदी आणि त्यांचे पायथन धडे फुकट उतरवून घेता येतात. सुट्टीत तेही करायला सांगा. कुठे अडलं तर त्याने स्वतः पत्र लिहावं, उत्तर देईन.